कादंबरीतल्या बाईची शेगडी

कादंबरी कुठे बसून लिहिली असं कोणी विचारलं की मी खरं सांगते. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्याच्या मागच्या पडवीत, पेशंटच्या नातेवाइकांत बसून. हे ऐकून लोक जरा हिरमुसतात. लेखिकेला खिडकी असावी, खिडकीबाहेर झाड असावं, असं काहीतरी त्यांच्या मनात असतं. झाड होतं ना. कडुलिंबाचं. त्याच्याखाली लोक डबे घासत, धोतरं वाळत घालत आणि डॉक्टर काय म्हणाले ते एकमेकांना समजावून सांगत.

आणीबाणी उठल्यानंतरचा एक उन्हाळा. आम्ही चार-पाच जण मिळून पत्रकं काढायचो. कशावरही काढायचो. नळाच्या पाण्यावर, हॉस्टेलच्या जेवणावर, बुवाबाजीवर, एसटीच्या भाड्यावर. मजकूर बहुतेक माझा. ओळीओळीला उद्गारचिन्ह आणि शेवटी ‘आपण गप्प का?’ हे माझं. मला त्याची लाज वाटत नाही. अन्याय समोर दिसत असताना तोलून-मापून लिहिणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो. पोटात आग असली की वाक्य आखूड होतं, एवढं एकच शास्त्र मला तेव्हा येत होतं.

त्यातलं एक पत्रक एका बाईवर होतं. नदीकाठच्या एका गावातली, अडलेली. गावातल्या सरकारी दवाखान्याला डॉक्टर नव्हता, म्हणून बैलगाडीतून नदीपलीकडे नेताना वाळूत गाडी रुतली आणि ती गाडीतच गेली. मूलही गेलं. आम्ही गावात जाऊन तिच्या नवऱ्याशी बोललो, संध्याकाळच्या एसटीने परत आलो आणि मी एका बैठकीत पत्रक लिहून टाकलं. ‘डॉक्टर नसलेली इमारत म्हणजे दवाखाना नव्हे!’ असा मथळा होता. चांगलं पत्रक होतं ते. पण नवऱ्याने सांगितलेली एक गोष्ट त्यात मावली नाही. गाडीत चढवताना ती बाई म्हणाली होती, “मुंगवड्यांची डाळ भिजत घातली हाये, ते पाहजा.”

आता वाळवणाच्या वड्यांची डाळ कुठे बसवणार? सरकारचा निषेध चालू असताना मध्येच डाळ आली तर लोक हसतात. मी ती गाळली. आणि ती डाळ माझ्या डोक्यातून जाईना. कोणी पाहिली का ती? आंबली असेल? फेकली असेल? पत्रकात बाई मरू शकते, पण तिला डाळ भिजत घालायला जागा नसते. तेवढ्या जागेसाठी मी कादंबरी लिहायला घेतली. दुसरं काही उदात्त कारण नव्हतं.

माझी खोली टिनाच्या छपराची. सकाळी सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या छापखान्यात प्रुफं तपासायची आणि दुपारी खोलीवर परत आलं की डोक्यावर तवा. धंतोलीच्या त्या पडवीत मी पहिल्यांदा गेले ती पत्रकं वाटायला. सगळ्या विदर्भातून माणसं तिथे येऊन पडलेली, आमच्या पत्रकाला यापेक्षा योग्य वाचक कुठे सापडणार? वाटून झाली आणि बसले. औषधाच्या दुकानाचं मागचं दार पडवीत उघडायचं आणि आतल्या कूलरची, खसाच्या म्हणजे वाळ्याच्या वासाची ओली झुळूक बाहेर यायची. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी आणि पेन घेऊन.

झुळुकेच्या जागेवर आधीच एक म्हातारी बसलेली होती. नरखेडकडची. संत्र्याचा बगीचा, विहीर, बैल, कानाने अधू झालेला नवरा, सगळं मागे टाकून ती जावेला घेऊन आली होती. जावेच्या पोटात गाठ होती. माझ्याच पत्रकाची चौघडी करून ती वारा घेत होती.

“काय लिहून राहिली वं?”

“कादंबरी.”

“म्हंजे?”

“मोठी गोष्ट.”

“कोनाची?”

मी सांगितलं. बाई, गाडी, वाळू, डाळ. तिचा वारा घेणारा हात थांबला.

“मंग त्या डाळीचं काय झालं?”

“ते अजून मला माहीत नाही.”

“तुले माहीत नाही? गोठ तुही ना?” म्हणाली, आणि सरकून मला झुळुकेत जागा दिली.

पडवीचा एक रिवाज होता. सकाळी असो, दुपारी असो, आलेल्या माणसाला शेजारी पहिल्यांदा विचारायचा, “तुमचं मानूस कसं हाये?” ताप उतरला, सलाइन काढलं, दोन घास खाल्ले, अशी बातमी पडवीभर फिरायची. एका दुपारी सगळ्यांचं विचारून झाल्यावर म्हातारी माझ्याकडे वळली. “अन् तुही बाई?”

मला वाटलं, टोमणा. मीही तोऱ्यात म्हटलं, “कळा सुरू झाल्या.”

“मायवं! पहिलटकरीण का?”

“हो.”

“गाडीले बैल कोन्ते?” यवतमाळकडचा एक शेतकरी होता, त्याची आई आत होती. त्याने पडल्या पडल्या विचारलं.

“म्हणजे? बैल. दोन.”

“वाळूतून न्याची अन् दोनच? वेडे हायेत का तुमच्या गोठीतले लोकं? पुढे अजून एक जुपा म्हना.”

तेव्हापासून माझी बाई पडवीच्या हिशेबात धरली गेली. ती कागदावरची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, वेडी नव्हती ती माणसं. तरी डबा उघडला की “हे तुह्या बाईच्या वाटचं” म्हणून अर्धी भाकर माझ्याकडे यायची. खाणारी मी आहे हे सगळ्यांना दिसत असायचं. म्हातारी वर विचारायची, “तिखट तं नाही ना लागलं तिले?”

जेवणं झाली की पडवी झोपायची. भिंतीला टेकून, गाठोड्यांवर, एकमेकांच्या खांद्यांवर. ऊन पायरीपर्यंत येऊन थांबायचं. खसाचा वास, फिनेलचा वास, सोललेल्या मोसंब्यांच्या साली. मी लिहीत असायचे की झोपेत असायचे, ते आजही सांगता येणार नाही. आत कुठेतरी सलाइनच्या बाटल्यांची ढकलगाडी जायची, काच काचेवर किणकिणायची, आणि माझ्या कागदावर बैलांच्या गळ्यातल्या घंटा सुरू व्हायच्या. मग वाळू पडवीत यायची. डोळे किलकिले केले की फरशीवर चाकांची ओल दिसायची. गाडी झोपलेल्या माणसांमधून, कोणाच्या पायाला न लागता, सावकाश पुढे जायची. गाडीत ती उताणी, आभाळाकडे बघत. मी तिला नावही दिलं नव्हतं. ती विचारायची, आलं का? मी म्हणायचे, नाही अजून. म्हातारीचा विटका पदर झुळुकेने हलायचा, तो मला पलीकडचा काठ वाटायचा. अगदी हाताशी, आणि चाकं तिकडे पोचत नसायची. मग औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी नावाचा पुकारा व्हायचा, माणसं दचकून उठायची आणि वाळू जशी आली तशी ओसरायची. कागदावर पानंच्या पानं झालेली असायची. अक्षर माझंच.

पडवीच्या टोकाला एक लोखंडी शेगडी होती. कोळशाची. एक पाय आखूड, त्याच्याखाली विटेचा तुकडा. ती कोणाच्या मालकीची नव्हती. ज्याचं माणूस बरं होऊन त्याला सुट्टी मिळायची, तो जाताना ती आपल्या हाताने दुसऱ्या कोणाला देऊन जायचा, कोळशासकट. आणि ती ज्याच्याकडे असताना त्याचं माणूस जाईल, त्याने ती फेकून द्यायची, दुसरी आणायची, असा नियम. म्हातारीला ती वर्ध्याकडच्या एका कुटुंबाने दिली होती, त्यांना आणखी कोणी. “हिच्यावरचं एकही मानूस अजून गेलं नाही,” असं म्हणून म्हातारी तिच्यावर हात फिरवायची. ती गरम असली तरी.

मी चिडायचे. अंधश्रद्धेवरचं आमचं पत्रक मीच लिहिलं होतं, शाई वाळलेली नव्हती.

“आजी, लोखंडाने गाठ बरी होत नसते. डॉक्टरने होते.”

“मी कुठं म्हन्लं का शेगडी आपरेशन करते? चहा होते तिच्यावर. घेतं का नाही?”

घेतला. काय करणार? चांगला करायची.

जावेशी तिचं पटत नव्हतं, हे मला तिनेच सांगितलं. चुली कधीच्या वेगळ्या, बोलणं फक्त भांडणापुरतं. “मग तुम्हीच का आलात?” मी विचारलं.

“तं कोन येईन? तिचा नवरा वावरात. अन् ते गेली तं मी भांडू कोनाशी? बुढ्याशी? त्याले ऐकूच येत नाही.” एवढं बोलून ती पदराच्या टोकाने शेगडीची राख पुसत बसली.

पत्रकांखेरीज आमचं एक पाक्षिकही निघायचं. त्याचा संपादक मी प्रुफं तपासायचे त्या छापखान्यातच बसायचा. माझी कादंबरी आधी पाक्षिकात आणि मग पुस्तक म्हणून छापायचं त्याने कबूल केलं होतं. तोवर पत्रकांखेरीज माझं काही छापलं गेलं नव्हतं. दुसऱ्या कोणी माझ्या कागदांकडे बघितलंही नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. त्याने लिहून झालेला भाग वाचला, पेन्सिल कानावर ठेवली.

“चांगलं चाललं आहे. बैल जास्त झालेत, पण ठीक. आता मरण जोरात आलं पाहिजे.”

“वाचवली तर?” हे मी का विचारलं कोण जाणे. तोंडातून गेलं.

“डोकं फिरलं का तुझं? ती मेली आहे. तू स्वतः त्या नवऱ्यासमोर बसून आलीस. तू तिला वाचवलंस की इमारत बांधून डॉक्टर न पाठवणारे सगळे सुटले. वाचणारा पुस्तक मिटून निवांत झोपेल.” कानावरची पेन्सिल काढत म्हणाला, “वाचवायची असेल तर दुसरा छापखाना बघ.”

राग कसला येणार? प्रत्येक वाक्य माझंच होतं. त्याच्या जागी मी असते तर एक उद्गारचिन्ह जास्त टाकलं असतं.

दुसऱ्या दुपारी मी मरणाचं प्रकरण काढून बसले. म्हातारीच्या जावेचं ऑपरेशन त्याच्या पुढच्या सकाळी होतं. म्हातारीने चहा ठेवला, कप पुसले, आणि नेहमीसारखं विचारलं, “कशी हाये तुही बाई आज?”

मला आडवळणाने बोलता येत नाही. “आज जाईल,” मी म्हटलं.

यवतमाळवाला उठून बसला.

“काहून?” म्हातारी म्हणाली.

“खरी बाई गेली होती, आजी.”

“खरी तं गेलीच. तिले कोनी वाचवलं नाही. आता हे तुह्या हातात हाये, तं तूही नाही वाचवत?”

“ती मेली तर लोकांना राग येईल. राग आला तर डॉक्टर येईल.”

तिने चौघडी केलेलं माझं पत्रक, तिचा पंखा, माझ्या तोंडासमोर धरला. “हे वाटलं ना तू? याच्यात मेली ना ते? मंग? आला का डाक्टर?”

मी कागद गोळा केले. काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं होतं, पण तिची नजर माझ्या कागदांवर नव्हतीच, जाऊ होती त्या खोलीच्या दारावर होती, हे मला दिसलं. चहा तसाच टाकून मी निघाले.

ऑपरेशन नीट झालं हे दवाखान्याची पावतीपुस्तकं न्यायला छापखान्यात येणाऱ्या कंपाउंडरकडून कळलं. तरी मी तिकडे फिरकले नाही. खोलीत, तापलेल्या छपराखाली, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मरण लिहीत बसले. गाडी वाळूत आणली की ती विचारायची, आलं का? आणि मी उत्तर देईपर्यंत शाई पेनातच वाळायची. पत्रकात मी किती माणसं मारली होती! एका ओळीत मारली होती. ही एक मरेना.

टाके निघाल्यावर सुट्टी होणार होती, त्या दिवशी मी गेले. न भेटता जाऊ देणं बरं वाटेना. जाऊ पायरीवर बसली होती, वाळलेल्या काटकीसारखी, आणि गाठोडं कसं चुकीचं बांधलं आहे ते म्हातारीला सुनावत होती. म्हातारी इतकी खुशीत होती की उलट बोलायचंही विसरली होती. गाठोडं तीनदा सोडून बांधलं.

मग तिने शेगडी उचलली. पडवीत नवी माणसं पुष्कळ होती. सगळ्यांचे डोळे शेगडीकडे. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“धर.”

“मला कशाला?”

“तुही बाई अजून आतच हाये ना?”

“आजी, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.”

“तुहा नसन. माहा हाये. तिचं काही वाईट झालं तं ही फेका लागते. इतक्या लोकायची शेगडी. तुले फेकाची अशीन तं फेकजो.” तिने ती माझ्या हातात दिलीच. मग कानाशी वाकून हळूच म्हणाली, “पाहतो मी, आता कशी मारते तं.”

सायकल रिक्षात जावेला बसवताना ती पुन्हा वळली आणि रस्त्यावरून ओरडली, “अन् घरी गेल्यावर पयले डाळ पाह्य म्हना तिले!”

माझ्या हाताला कोळशाची काजळी. थोड्या वेळाने यवतमाळवाला आईसाठी दूध तापवायला घेऊन आला. मी म्हटलं, “घ्या की शेगडी.” तो मान हलवत उभा राहिला. “तुमची हाये. तुमीच पेटवा.” मी पेटवली. अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव ओरडणारी मी, कागदावरच्या बाईच्या नावाची शेगडी फुंकत बसले होते, डोळ्यांत धूर, आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

त्याच दुपारी पडवी झोपली तेव्हा गाडीला तिसरा बैल जुंपला गेला. मी जुंपला असं म्हणवत नाही. मी पाहिलं तेव्हा तो पुढे होता. वाळूतून चाकं निघाली. पलीकडच्या काठावर एक नर्स उभी होती, तिची एसटी चुकली होती. खऱ्या नदीवर त्या दिवशी कोणी उभं नव्हतं. मी केलं ते एवढंच, कोणाची तरी एसटी चुकवली. इमारतीत डॉक्टर माझ्या कादंबरीतही नव्हता, आणि त्या इमारतीला मी एका शब्दाने सोडलं नाही. पण बाई विचारत होती, आलं का, आणि मी पहिल्यांदा म्हटलं, आलं.

त्यानंतरचं प्रकरण घरचं. डाळ आंबून फसफसलेली. तिची जाऊ म्हणते, मला कोणी सांगितलंच नाही. ही म्हणते, सांगितलं होतं. दोघी कडाकडा भांडतात, बाळ रडतं, आंबलेली डाळ उकिरड्यावर जाते आणि नवी भिजत पडते. मग ती वाटायची, खाटेवर जुनं धोतर अंथरून त्यावर मुंगवड्या तोडायच्या, कावळे हाकलायचे. बाळाला दात येतात. पाऊस लांबतो. कोणी तिच्या चुलीवरून विस्तव मागून नेतं. नुसतं हेच, पानामागून पान. लिहिता लिहिता माझा राग वाढत गेला, पत्रक लिहिताना आला होता त्याहून जास्त. त्या खऱ्या बाईचा एक जीव गेला असं मी छापून वाटलं होतं. कावळे हाकलायची दुपारही गेली होती, जावेशी भांडण गेलं होतं. हे कुठल्या मथळ्यात बसतं?

संपादकाने ते उभ्या उभ्या वाचलं.

“डाळीवर अख्खं प्रकरण?”

“हो.”

“हे मी छापणार नाही.”

“नको छापू.”

तो खरंच विचारात पडला होता. मित्र होता माझा. “निदान मूल तरी जाऊ दे,” तो म्हणाला. त्या दिवशीची प्रुफं मी त्याच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडले. कादंबरी पुढे फार उशिरा निघाली, वाचनालयांना पुस्तकं पुरवणाऱ्या एका प्रकाशकाकडून. शेवटी बाई जिवंत आहे एवढं त्याला पुरेसं होतं. मुखपृष्ठावर त्याने गाडीत बसलेली, गजरा माळलेली, हसरी तरुणी काढली. त्यावर मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पण ते सगळं नंतर. शेवटचं पान मी पडवीतच लिहिलं, मृगाच्या थोडं आधी, वारा फिरला होता तेव्हा. यवतमाळवाला आईला घेऊन गेला होता. ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. मी पेनाला टोपण लावलं तेव्हा समोर एक माणूस उभा होता, त्या सकाळीच आलेला असावा. हातात दुधाचा गडू, डोळे जागरणाने लाल. विस्तव कुठे मिळतो ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

“बाई,” त्याने शेगडीकडे बघत विचारलं, “तुमचं कोन हाये आत?”

“होती,” मी म्हटलं. “सुट्टी झाली. आज घरी नेते.”

“बरी हाये ना आता?”

“बरी आहे. बाळही बरं आहे.”

मी शेगडी उचलून त्याच्या हातात दिली. विटेचा तुकडा दिला, कोळशाचं पोतं दाखवलं. “आखूड पायाखाली हे ठेवा,” मी सांगितलं, आणि तो वळणार तोच, कोणी विचारलं नसताना, “हिच्यावरचं एकही माणूस अजून गेलेलं नाही.”

त्याने मान हलवली आणि शेगडी छातीशी धरून कडुलिंबाखाली गेला. मी कागद एकत्र केले, पदराखाली घेतले आणि पायरी उतरले. बाहेर ऊन होतं, रस्ता मऊ झाला होता. सावकाश चालले. तिला धक्के बसायला नको होते.